कमानीखाली बसण्याचा पगार

अजूनही कमानीखालून जायचं म्हटलं की मी आधी थांबते आणि वर बघते. देवळाची असो, शाळेची असो, मधला दगड नीट बसलाय ना ते बघते, मग पदर सावरून लगबगीनं पलीकडे होते. घरातली मुलं हसतात. म्हणतात, आजी, इतकी वर्षं उभी आहे ती, पडायला काय तुझीच वाट बघत होती का? हसू देत. ही खोड मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागात लागली, लग्न होऊन चार उन्हाळेही झाले नव्हते तेव्हा, आणि लागली ती पगारापायी. पगाराचा आणि कमानीचा काय संबंध म्हणाल, तर तेच सांगायला बसले आहे.

आमचे हे बांधकामाच्या सरकारी कचेरीत नक्शानवीस होते. ग्वाल्हेरला तसंच म्हणत, मराठी घरांतसुद्धा. नक्शानवीस म्हणजे नकाशे काढायचे, दगड किती लागेल, चुना किती लागेल ते मांडायचं, आणि पुलाची कमान असली तर ती किती जाड ठेवली म्हणजे गाड्यांचं ओझं पेलेल याचं गणित सोडवायचं. सगळं काम कागदावर. कचेरीतून आले की घरीही उतरत्या डेस्कापुढे मांडी घालून बसायचे. डोकं ठणकायला लागलं की सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यायचा, ते काम माझं. महिना भरला की पगार यायचा, आधी देवापुढे, मग सासूबाईंच्या हातात.

त्याच कचेरीच्या कामांवर एक मिस्त्री होता. कमानी बांधणारा. नुसता गवंडी नव्हे. त्याच्या हाताखाली दगड घडवणारे, चुना कालवणारे, मजूर, सगळे. त्याला रोजी मिळायची. आमच्या यांचा महिन्याचा पगार तो पंधरवड्यात उचलायचा, आणि ही गोष्ट तो लपवून ठेवत नसे. लहरिया साफा, कानात सोन्याची बाळी, आवाज असा की नाल्याच्या या काठावर बोलला तर त्या काठावरची म्हैस मान वर करायची. नकाशा समजून घ्यायला आमच्या ओट्यावर यायचा आणि समजून घेता घेता टोमणा मारायचा.

"पंडितजी, पुल तो आपका बहुत बढ़िया है. बस एक कमी है."

"कोणती?"

"कागज का है. बैलगाड़ी चढ़ेगी तो फट जाएगा."

हे हसायचे. आतून सासूबाई ऐकत असायच्या, त्या हसायच्या नाहीत.

एका चैत्रात हळदीकुंकवाला मिस्त्रीची बायको आली होती. सासूबाईंनीच बोलावलं होतं, पुढच्या दारी पाट मांडला होता. ती आली तीच छुमछुम करत. पायात चांदीचे तोडे, एकेक एवढा जड. डाळ आणि पन्हं घेतलं, सासूबाईंना "माईजी, पाँव पड़ूँ" म्हणाली आणि गेली. ती वळणापलीकडे गेली तरी सासूबाईंच्या कानातून ते तोडे गेले नाहीत. त्या संध्याकाळी हे जेवायला बसले आणि सुरुवात झाली.

"तुला शिकवलं. दिव्याखाली डोळे घालवलेस. आणि तो अंगठा उठवणारा माणूस बायकोच्या पायात शेरभर चांदी घालतो."

"आई, त्याची रोजी पावसाळ्यात बंद असते."

"असू दे की! आठ महिन्यांत बारा महिन्यांचं तूप खातात ते. आपण बाराही महिने तेलावर."

"त्याला पेन्शन नाही."

"पेन्शन येईल तेव्हा मला दात असणार आहेत का?"

मी ताकाची वाटी ठेवली आणि आत गेले. सुनेनं अशा बोलण्यात पडायचं नसतं. पण खोटं कशाला बोलू, चुलीपुढे बसून मीही मनात तोलत होतेच. डोक्याच्या कामाला कमी आणि हाताच्या कामाला जास्त, हे कसं? पाऊस, आजारपण, हाताखालच्यांना द्यायच्या उचली, सगळं वजा केलं तरी मिस्त्रीचं पारडं खालीच राहत होतं.

आता आम्हा दक्षिणी, म्हणजे इकडच्या मराठी लोकांचा अर्जावर फार विश्वास. पूर्वजांनी इकडे येऊन तलवारी खुंटीला टांगल्या त्या दिवसापासून आम्ही अर्जच करत आलोय. यांनीही केला. चार दिवस खपून, सुंदर बाळबोध अक्षरात. कचेरीत देण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवला. मला अजून त्यातला मुख्य भाग पाठ आहे: "मिस्त्री दगड रचतो, परंतु कोणता दगड किती जाडीचा, हे सेवकाचे गणित सांगते. तस्मात पूल मुळात सेवकाच्या गणितावर उभा असतो. जबाबदारी समान असता वेतनात इतके अंतर असावे, हे सरकारच्या न्यायास शोभत नाही."

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तस्मात छान आलंय."

दोन-चार दिवसांनी हे कचेरीतून आले ते नेहमीसारखे ओट्यावर पाय धुवायला थांबले नाहीत. तसेच आत आले आणि झोपाळ्यावर बसले. झोका घेतला नाही. मी पाणी दिलं, ते हातातच धरून बसले. मला वाटलं, अर्ज नामंजूर झाला. म्हटलं, जाऊ द्या, तेल खाऊन कुणी मेलं नाही.

"मंजूर झालाय," हे म्हणाले.

सासूबाई देवघरातून उठून आल्या. "मग तोंड असं का?"

तेव्हा यांनी सांगितलं. कचेरीचे मोठे साहेब आमच्यातलेच होते, हसत हसत माणसाला चिरणारे. त्यांनी सगळ्या कारकुनांसमोर अर्ज मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "वा! बरोबर आहे तुमचं. जबाबदारी समान, तर पगारही समान. पण मग बसायची जागाही समानच हवी, नाही का?"

ही बसायची जागा म्हणजे काय, ते सांगते. दगडाची कमान बांधताना आधी खाली लाकडाचा सांगाडा उभा करतात आणि त्याच्या पाठीवर दगड रचतात. चुना वाळला की सांगाडा काढायचा. त्याच्या पायाशी पाचरी ठोकलेल्या असतात, त्या हळूहळू सैल करायच्या. सांगाडा बोटभर खाली उतरला की कमान मोकळी, आपलं ओझं आपण धरणारी. धरलं तर धरलं. आणि इकडचा रिवाज असा की त्या पाचरी निघत असताना ज्यानं कमान बांधली त्यानं तिच्या खाली, कडेला खाट टाकून बसायचं. मिस्त्री बसायचा. हुक्का घेऊन. काठावर सगळ्यांना हुक्क्याची गुडगुड ऐकू यायची. गुडगुड चालू आहे तोवर मजूर पाचरी ठोकत राहायचे. थांबली की त्यांचे हात थांबायचे. दरवर्षी एखादी तरी कमान अशी मोकळी व्हायची, आणि गावातले लोक बघायला जायचे.

कंपू नावाच्या वस्तीच्या अलीकडे एका नाल्यावर पूल बांधायला घेतला होता. एकच मोठी कमान. पावसाच्या आत सांगाडा काढायचा होता, नाहीतर पाण्याच्या लोंढ्यानं लाकडं ओढली असती आणि त्यांच्याबरोबर दगडही. त्या कमानीखाली आता दुसरी खाट पडणार होती.

"अर्ज मागे घे!" सासूबाई ओरडल्या.

"घेता येईल म्हणाले साहेब. सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते."

"बघू देत! डोळे दिलेत देवानं, बघतील! अरे, तुला तस्मात लिहायला कुणी सांगितलं होतं?"

हे उठले. पाणी प्यायले आणि डेस्कापुढे जाऊन बसले.

तिथून पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. भीतीच तेवढी आठवते. भीती अशी की भांडं घासताना हात थांबायचा. घरातल्या माळवदाकडे मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं, आता सारखी बघायची. तुळईवर पाल दिसली तरी वाटायचं, हिच्या वजनानं खाली येईल. हे पुन्हा पुन्हा तेच गणित मांडत होते. एक कागद संपला की दुसरा. आकडे खाली उतरत यायचे आणि शेवटी पहिलंच उत्तर यायचं. मी लेप घेऊन उभी असायची.

एकदा न राहवून विचारलं, "अहो, उत्तर चुकतंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग?"

"उत्तरात चुना चांगला धरलाय मी. तो कसा कालवलाय ते मला काय ठाऊक? मी कुठे बघायला गेलो होतो?"

बरोबर उत्तर हातात असलेला माणूस इतका घाबरू शकतो हे मला तेव्हा कळलं. जेवताना घास हातात धरून बसायचे. मी म्हणायची, आमटी गार होतेय. तेव्हा घास तोंडात जायचा.

तो दिवस उजाडला. जेठातलं ऊन, सकाळीच अंगणातली फरशी चटके देत होती. यांनी स्नान केलं, पांढरा अंगरखा घातला, डोक्याला काळी टोपी, खांद्यावर उपरणं. सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाईंनी देव्हाऱ्यातले सगळे देव ताम्हनात पाण्यात घातले होते आणि त्यांच्यापुढे बसल्या होत्या. मुलगा परत येईपर्यंत देवांना पाण्याबाहेर काढणार नव्हत्या. हे दारातून बाहेर पडताना माझ्याकडे वळून म्हणाले, "दार लावून घे. धूळ येते." एवढंच म्हणाले.

मी काय करू? भाजी चिरायला घेतली, चिरता येईना. झाडायला घेतलं, झाडलेलंच पुन्हा झाडत होते. सासूबाई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सूनबाई, तू इथे माझ्यापुढे फिरत राहिलीस तर मला वेड लागेल. जा, त्या मिस्त्रिणीकडे जा. ती दरवर्षी यातून जाते ना? बघ ती काय करते."

मिस्त्रीचं घर नाल्याच्या वरच्या अंगाला, दगड घडवणाऱ्यांच्या वस्तीत. मी एकटी कधी तिकडे गेले नव्हते. पदर नाकापर्यंत ओढला आणि भिंतीच्या सावलीसावलीनं गेले. दारातूनच घरघर ऐकू आली. मिस्त्रीण जात्याशी बसली होती, दळत होती. पायात तोडे नव्हते. मी बघितलं, ते कोनाड्यात ठेवले होते.

"आ गईं बहूजी? मुझे पता था. बैठो."

"चाची, आप वहाँ नहीं गईं?"

"देखने से क्या पत्थर रुक जाएगा?"

मी बसले. बाजूला एक मडकं पिठानं काठोकाठ भरलेलं, त्यावर ताट झाकलेलं. म्हटलं, पीठ तर आहे, मग दळताय कशाला? ती मूठ टाकत म्हणाली, "चक्की चलती है तो बाहर का कुछ सुनाई नहीं देता." आणि मग हळूच, "गिरे तो भी."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि खुंट्यावरचा एक हात जरा वर सरकवला. "पकड़ो."

परक्या घरचं जातं. सासूबाईंना कळलं तर, असं एकदा मनात आलं. मग आलं ते गेलं. मी समोर बसून खुंटा धरला. दोघींचे हात एकावर एक. ती दाणे टाकायची, आम्ही फिरवायचो.

"सब मिस्तरी पत्थर चुनते हैं," ती म्हणाली. "इनको सबसे जादा काहे का मिलता है? बैठने का. और सच पूछो तो वो पैसा मुझको मिलना चाहिए."

मला हसू आलं आणि रडूही.

"अब तो पंडितजी का भी बढ़ गया. तोड़े बनवा लेना, बहूजी."

"नको मला तोडे."

"मैं भी यही कहती थी, पहले बरस." जातं फिरत राहिलं. मग तिचा आवाज बदलला. "हमारे ये बोल रहे थे, इस बार कमान पतली है. दो अंगुल पतली. कागज में ऐसा ही आया है, बोले. चूना मेरा पक्का है, पत्थर मेरा पक्का है, पर मोटाई पंडितजी की है."

घरी हे म्हणत होते, गणित माझं पक्कं आहे, पण चुना त्याचा आहे. इकडे तो म्हणत होता, चुना माझा पक्का आहे, पण जाडी त्यांची आहे. दोघंही आपापल्या अर्ध्याची खात्री धरून दुसऱ्याच्या अर्ध्याखाली बसले होते. आणि काही झालं तर हिचा माणूस माझ्या माणसाच्या कागदापायी जाणार होता. हे तिला कळत होतं, मला कळत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खुंटाही सोडला नाही, आणि माझा हातही सोडला नाही.

तेवढ्यात जमीन हादरली. आवाज नीट ऐकू आला नाही, पण तो पायाखालून आला. जात्याच्या कडेचं पीठ भुरभुर खाली सांडलं. मी थांबले.

"चलाओ!" ती ओरडली. "चलाओ बहूजी!"

आम्ही जातं फिरवलं. दाणे नव्हते त्यात. नुसता दगडावर दगड घासत होता, जळका वास यायला लागला, तरी ती थांबेना. मी देवाचं नाव घेत होते की नुसती कण्हत होते, ठाऊक नाही.

मग दारातला उजेड गेला. मिस्त्री उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत चुन्यानं पांढरा, साफा गळ्यात आलेला. एकटाच. आणि त्याच्या हातात यांची काळी टोपी.

मिस्त्रीण एकदा टोपीकडे बघायची, एकदा माझ्याकडे. तिनंच विचारलं, "और पंडितजी?"

मिस्त्रीनं टोपी पुढे केली. तोंड उघडलं तर त्याला खोकला आला. खोकत राहिला, खोकत राहिला. शेवटी म्हणाला, "बैठे हैं."

"कहाँ?"

"वहीं. पुल तो खड़ा हो गया, पंडितजी खड़े नहीं हो रहे. कहते हैं पैर नहीं हैं. मजूर उठाने गए तो डाँट दिया. मैंने सोचा, टोपी दिखाऊँगा तो बहूजी आएँगी."

"आग लगे तुम्हारी अकल को!" मिस्त्रीण गरजली. "टोपी दिखाते हैं ऐसे?" आणि तिनं मूठभर पीठ उचलून नवऱ्याच्या अंगावर फेकलं. आधीच पांढरा होता, काही फरक पडला नाही. मग ती तिथेच बसून रडायला लागली.

मी कशी धावले ते मला माहीत नाही. जमीन हादरली ती सांगाड्याची लाकडं ओढून पाडली तेव्हा, हे वाटेत मजुरांच्या बोलण्यातून कळलं. साहेब "शाबाश" म्हणून बग्गीतून निघून गेले होते. बघे पांगत होते. काठावर मजूर दात काढत उभे होते, मला बघून बाजूला झाले. खाली कोरड्या नाल्यात लाकडांचा ढीग पडला होता, आणि त्यामागे ती कमान. नवी, ओलसर, वर नुसतं आभाळ आणि खाली नुसती पोकळी. इतके दगड काही न धरता तसेच वर होते. त्यांच्याखाली खाटेवर हे बसले होते, उघड्या डोक्यानं, मान वर करून.

मी कमानीच्या तोंडाशी थांबले. हाक मारली, "अहो." वळून बघितलंच नाही. मग डोळे अर्धे मिटून आत गेले. आत गारवा होता, चुन्याचा उग्र वास. माझ्या मनगटावर वरून एक थेंब पडला आणि मी किंचाळणार होते.

"उठा ना."

"बोटभर खाली आली," हे म्हणाले. "मी अर्धं बोट धरलं होतं."

"कोण खाली आली?"

"कमान. सांगाडा सुटला तेव्हा. सगळ्या थोड्या बसतात. पण मी अर्धं बोट धरलं होतं."

"आणि आता?"

"आता थांबलीय. थांबलीय असं वाटतं. तेच बघतोय."

वाटतं! मी वर बघितलं. दगड दिसले, त्यांच्या सांध्यांतली पांढरी रेघ दिसली. ती रेघ मला हलल्यासारखी वाटली. आणि हे तिथून नजर काढायला तयार नव्हते, जणू नजर काढली की ती खाली येणार. मी दंड धरून ओढलं, जडशीळ. विनवलं, सासूबाईंचं नाव घेतलं, पाण्यात बसलेले देव सांगितले. काही नाही. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले.

"ठीक आहे. मीही बसते. तुमचं बघून झालं की दोघं मिळून जाऊ."

यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. माझे हात पिठाचे, पदर कुठे, केस कुठे. "तू इथे कशाला बसतेस?" म्हणाले. आणि मग एकदम घाबरून, "ऊठ! ऊठ आधी! अक्कल आहे का तुला? ही जागा बसायची आहे का?" आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढत नेताना स्वतःचे पाय आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वरचे मजूर टाळ्या वाजवत होते. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नसेल, आणि ती लाजही त्या दिवशी गोड वाटली.

घरी जाताना वाटेत सावलीला थांबलो तेव्हा हे हळूच म्हणाले, "तुला एक सांगू? कुणाला बोलू नको. चिलमीत निखारा नव्हता."

"कुणाच्या?"

"मिस्त्रीच्या. नुसतं पाणी गुडगुडत होतं. मी विचारलं तर म्हणाला, पंडितजी, डर के मारे धुआँ गले से उतरता नहीं. पर आवाज तो चाहिए, नहीं तो ठोकने वालों के हाथ काँपेंगे. दरवर्षी असंच करतो म्हणे. बायकोलाही ठाऊक नाही."

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस. मला त्याचा साफा आठवला, बाळी आठवली. माझ्या मनातलं त्याच्या रोजीचं पारडं त्या वाटेवर वर गेलं, ती रोजी मला पुन्हा कधी जास्त वाटली नाही.

वाढीव पगार सुरू झाला. घरात तूप आलं. सासूबाई पोळीवर तूप घालायच्या आणि म्हणायच्या, "पुढची कमान कधी?" आणि त्यांचा हात आखडायचा. पुढची कमान पुढच्या उन्हाळ्यात होती, मुरारच्या वाटेवर. हे तिचं गणित मांडत होते. मी लेप घेऊन उभी. उत्तर आलं. यांनी ते बराच वेळ बघितलं आणि त्यात दोन बोटं जाडी वाढवली. दुसऱ्या दिवशी आणखी एक बोट. मी म्हटलं, गणितात आलंय का हे? म्हणाले, "नाही. खाटेवर आलंय."

दगड वाढला, चुना वाढला, खर्च वाढला. साहेबांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. सगळ्या कारकुनांसमोर म्हणाले, "तुम्ही खाली बसायला लागल्यापासून आमचे पूल लठ्ठ झालेत हो. नक्शानवीस असा हवा ज्याला खाली बसायचं नाही. मग तो काटकसर करतो." आणि कमान मोकळी करायच्या आधीच वाढीव पगार बंद झाला. बसण्याची अटही गेली.

मी देवापुढे साखर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "तेलच बरं बाई, घशाखाली उतरतं तरी."

कुणाला जास्त मिळालं, हा हिशेब मी पुढे पुष्कळ वर्षं मांडत राहिले. मिस्त्रीचा खोकला दगडाच्या भुकटीचा होता. तो केस पिकायच्या आत गेला. त्याच्या मागे मिस्त्रिणीच्या पायातले तोडे एकेक करून सराफाकडे गेले. आमच्याकडे पेन्शन आली, सासूबाईंना दात नव्हते तरी आली. मी मिस्त्रिणीकडे जायची तेव्हा पायात काही नसायचं तिच्या, पण जातं तेच होतं.

पण ते नंतरचं. तेव्हाचं सांगत होते. मुरारच्या वाटेवरची कमान मोकळी करायचा दिवस आला आणि हे सकाळी स्नान करून पांढरा अंगरखा घालायला लागले.

"कुठे निघालात?" मी दारात आडवी झाले. "आता कशाला? पगार तर काढून घेतला."

"जाडी माझीच आहे ना," हे म्हणाले. "तो एकटा बसणार."

मी पुष्कळ बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे गेले. सासूबाईंनी देव पाण्यात घातले आणि मी न सांगता मिस्त्रिणीकडे गेले. तिनं तोडे काढून ठेवले होते. दोघींनी दळलं.

या वेळी हे आपल्या पायांनी आले, तेही थेट आमच्या घरी. मी परतले तेव्हा ओट्यावर पाय धूत होते. सासूबाई देव पुसत होत्या आणि नाक मुरडत होत्या. "हा कसला घाणेरडा वास! कुठे बसून आलास तू? सूनबाई, आधी ते उपरणं धुवायला टाक."

मी उपरणं उचललं. चुना होता, धूळ होती, आणि तंबाखूच्या धुराचा वास होता, चांगला उग्र, चिलमीत रसरशीत निखारा असल्याशिवाय येत नाही तसला. मी ते नाकाशी धरलं. यांनी तांब्या खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हसले.

"धुतलंस का?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"भिजत घातलंय," मी म्हटलं, आणि ते घेऊन तशीच बसून राहिले.